वाचकांचे प्रश्न: पाऊस धायरीत, अंदाज जिल्ह्याचा

वळवाच्या दिवसांत आलेल्या पत्रांतून यंदा एकाच विषयावरची सात पत्रं निवडली आहेत: एका वादळाएवढ्या छोट्या टापूतलं हवामान मोजणं आणि त्याचा अंदाज बांधणं. काही प्रश्न लांबलचक होते, ते आटोपशीर केले आहेत.

प्रश्न: परवा दुपारी धायरीत तासभर धो धो पाऊस, रस्त्याचा ओढा झाला. त्याच वेळी शिवाजीनगरला असलेल्या मुलाला विचारलं, तर तिकडे थेंब नाही. सकाळच्या अंदाजात मात्र 'पुणे जिल्ह्यात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस' एवढंच. धायरी म्हणून सांगायला काय हरकत आहे?
– एक वाचक, सिंहगड रस्ता

उत्तर: हरकत कुणाचीच नाही, अडचण मापाची आहे. वळवाचा एक सुटा ढग रुंदीला पाच-दहा किलोमीटर असतो आणि जन्मापासून विरेपर्यंत त्याला पाऊण तास पुरतो. आता तो पकडायचं जाळं बघा. संगणकावरचं हवामान मॉडेल भूभागावर चौकटी आखतं आणि प्रत्येक चौकटीला तापमान, बाष्प, वारा यांचा एकेकच आकडा देतं. २०१८ पासून वापरात असलेल्या जागतिक मॉडेलची चौकट १२ किलोमीटरची होती. मे २०२५ मध्ये पाषाणच्या आयआयटीएमनं (भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं) तयार केलेली 'भारत फोरकास्ट सिस्टीम' आली, ती ६ किलोमीटरची. पण ६ किलोमीटरची चौकट म्हणजे ६ किलोमीटरचा ढग दिसतो असं नव्हे. एखादी गोष्ट नीट उमटायला साधारण सात चौकटी लागतात, म्हणजे चाळीसेक किलोमीटर. धायरी ते शिवाजीनगर हे अंतर त्यात सहज मावतं. अशा मॉडेलमध्ये सुटा ढग नसतोच, 'या चौकटीत आज ढग उभे राहतील आणि सरासरी इतकं पाणी पडेल' असं एक सूत्र असतं.

'तुरळक ठिकाणी' हा शब्दही मोघम नाही, त्याला व्याख्या आहे. विभागातल्या २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस पडेल तर 'तुरळक ठिकाणी', २६ ते ५० टक्के म्हणजे 'काही ठिकाणी', ५१ ते ७५ म्हणजे 'बऱ्याच ठिकाणी'. त्या दिवशीचा अंदाज बरोबरच होता, तुमची धायरी त्या तुरळकात निघाली.

केवळ वळवाचंच असं होतं असंही नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच मुंबईत कुलाब्याला ७३. दोन्ही पर्जन्यमापकं अचूक होती, मधलं अंतर वीस-पंचवीस किलोमीटर.

प्रश्न: मुंबईच्या डॉपलर रडारच्या चित्रात पुणंही येतं. मग पुण्यावरच्या पावसाचं चित्र इतकं पुसट का असतं? कधी कधी बाहेर भुरभुर चालू असते आणि रडारवर कोरडं.
– एक गिर्यारोहक, कोथरूड

उत्तर: गिर्यारोहक आहात म्हणून तुमच्याच ओळखीच्या किल्ल्यांवरून सांगतो. कुलाब्याच्या रडारपासून शिवाजीनगर सरळ रेषेत सुमारे ११७ किलोमीटर. रडारची शलाका, म्हणजे रडार सोडतं तो लहरींचा झोत, सगळ्यात खालच्या फेरीत जमिनीशी साधारण अर्धा अंश कोन करून निघते. पृथ्वी गोल आहे, हवेमुळे शलाका किंचित खाली वळते, हे दोन्ही धरून हिशेब केला की पुण्यावर पोचेपर्यंत शलाकेचा मध्य समुद्रसपाटीपासून सुमारे १८०० मीटरवर असतो. पुणं स्वतः ५६० मीटरवर. म्हणजे मध्य आपल्या डोक्यावर सव्वा किलोमीटर. शिवाय शलाका पसरत जाते. एक अंशाची शलाका ११७ किलोमीटरवर दोन किलोमीटर जाड झालेली असते, एवढ्या जाडीतलं जे काही असेल त्याची सरासरी म्हणजे चित्रातला एक ठिपका.

हे झालं वाट मोकळी असती तर. पण वाटेत सह्याद्री उभा आहे. कुलाबा-पुणे रेषेवर सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरवर पवन मावळ येतं आणि तिथे अर्ध्या अंशाच्या शलाकेचा मध्य ९०० ते ९८५ मीटरवर असतो. लोहगड १०३३ मीटर, विसापूर आणि तुंग त्याहून उंच. शलाकेचा खालचा अर्धा भाग या डोंगरांवर आपटतो. त्याचे दोन परिणाम. एक, डोंगर स्वतःच चित्रात जोरदार पावसासारखा चमकतो. डॉपलर रडार वेगही मोजतं, त्यामुळे डोंगर न हलणारा म्हणून ओळखून गाळता येतो, पण गाळताना त्याच ठिपक्यातला खरा पाऊसही थोडा जातो. दोन, पलीकडे पुण्यावर पोचणारी शक्ती अर्धी होते, म्हणून तिथला पाऊस आहे त्याहून कमी दिसतो. डोंगर चुकवायला एक अंशाची फेरी घ्यावी, तर पुण्यावर शलाका २८०० मीटरच्या पुढे गेलेली.

म्हणून पुण्यापुरता एक ठोकताळा: मे महिन्यातला वळीव मुंबईच्या रडारला छान दिसतो, कारण तो ढग बारा-चौदा किलोमीटर उंच असतो. जुलैतली भुरभुर दिसत नाही, कारण ते ढग बुटके, बरंचसं पाणी शलाकेच्या खालीच तयार होऊन पडून जातं. वादळातून खाली आदळणारा आणि रस्त्यावरची झाडं पाडणारा वारा तर त्याहून खाली, शेवटच्या पाचशे मीटरमध्ये असतो. तो इतक्या दुरून दिसायचाच नाही.

उपाय म्हणजे जवळ, लहान रडार. हवामानाची रडारं तीन तरंगलांबींची: एस-बँड सुमारे १० सेंटिमीटर, सी-बँड ५, एक्स-बँड ३. एक अंशाची शलाका हवी तर एस-बँडला सात-आठ मीटरची तबकडी लागते, एक्स-बँडला सव्वादोन मीटरची भागते. एक्स-बँड इमारतीच्या गच्चीवर, ट्रकवर बसतं. आयआयटीएमनं मांढरदेवच्या डोंगरावर असंच एक्स-बँड ठेवून सह्याद्रीतल्या ढगांचा अभ्यास केला आहे, आणि सोलापूरला सी-बँड.

मग सगळीकडे एक्स-बँडच का नको? कारण तीन सेंटिमीटरच्या लहरी पाऊसच पिऊन टाकतो. ताशी ५० मिलिमीटरच्या पावसातून दहा किलोमीटर जाऊन परत यायचं तर वीस डेसिबलच्या घरात घट होते, म्हणजे परत येणारी शक्ती शंभरात एक उरते. चित्रात वादळाच्या पाठीमागे कोरडी पाचर दिसते आणि नवखा माणूस म्हणतो, तिकडे निरभ्र आहे. तिकडेच दुसरं वादळ उभं असू शकतं. रडारच्या घुमटावर पाण्याचा पापुद्रा धरला की आणखी काही डेसिबल गेले. आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही लहरी पाठवणाऱ्या रडारमध्ये या घटीची दुरुस्ती करता येते, कारण दोन्ही लहरींच्या कलेतला (फेजमधला) फरक शक्तीवर अवलंबून नसतो. पण प्रतिध्वनी पार नाहीसाच झाला तर दुरुस्त काय करणार?

प्रश्न: अमेरिकेतल्या विद्यापीठांनी वादळाएवढ्या मापाच्या अंदाजावर खूप काम केलं आहे असं शिक्षक सांगतात. नेमकं काय केलं? ते इकडे उचलता येईल का?
– अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी, शिवाजीनगर

उत्तर: दोन कामं वेगळी धरा. पहिलं ओक्लाहोमा विद्यापीठाचं. तिथे १९८०च्या दशकाच्या अखेरीस 'सेंटर फॉर ॲनालिसिस अँड प्रेडिक्शन ऑफ स्टॉर्म्स' उभं राहिलं, पहिले संचालक डग्लस लिली. तोवर वादळाचा अंदाज म्हणजे रडारवर दिसलेलं वादळ पुढे सरकवणं. या केंद्रानं प्रश्न उलटा घातला: वादळ दिसायच्या आधी संगणकात ते उभं करता येईल का? त्यासाठी चौकट तीन किलोमीटर किंवा त्याखाली आणावी लागते. तिथे ढगाचं ते सरासरीचं सूत्र बंद करतात आणि ढग स्वतःहून वर चढतो. खर्च मात्र चक्रवाढीनं वाढतो. चौकट तिसरा हिस्सा केली की दोन्ही आडव्या दिशांना तिप्पट चौकटी आणि वेळेचं पाऊलही तिसरा हिस्सा, म्हणजे तेवढ्याच भूभागाला २७ पट गणित.

खरी गोम मात्र सुरुवातीच्या स्थितीत आहे. रडार सांगतं दोनच गोष्टी: किती परावर्तन झालं, आणि थेंब रडारकडे येतायत की लांब जातायत. मॉडेलला हवं असतं तापमान, बाष्प, तिन्ही दिशांचा वारा, ढगातलं पाणी, बर्फ. हे न मोजलेलं कुठून आणायचं? तर किंचित वेगवेगळी तीस-चाळीस मॉडेलं एकदम पळवतात. त्या सगळ्यांत 'इथे परावर्तन जास्त असेल तर खालची हवा इतकी थंड असते' असे संबंध आपोआप दिसतात. रडारचं ताजं मोजमाप आलं की त्या संबंधांच्या आधारे न मोजलेल्या गोष्टीही दुरुस्त करतात, आणि हे दर पाच ते पंधरा मिनिटांनी. असं केलं नाही तर मॉडेल कोरडं सुरू होतं आणि पहिला पाऊस तयार करायलाच दोन-चार तास घेतं. तोवर खरं वादळ येऊन, झाडं पाडून, विरून गेलेलं असतं.

दुसरं काम 'कासा' नावाचं, २००३ मध्ये सुरू झालेलं. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठ पुढे, सोबत ओक्लाहोमा, कोलोरॅडो स्टेट आणि प्वेर्तो रिको. यांनी नैऋत्य ओक्लाहोमात चार छोटी एक्स-बँड रडारं बसवली, एकमेकांपासून साधारण तीस किलोमीटरवर. तबकडी जेमतेम १.२ मीटरची. एका रडारची वाट पावसानं बंद केली तर दुसरं दुसऱ्या बाजूनं बघतं. दोन रडारांनी एकाच ढगाचा वेग दोन कोनांतून मोजला की वाऱ्याची खरी दिशा निघते. आणि माझ्या मते त्यातली सगळ्यात हुशारीची गोष्ट: ती रडारं डोळे झाकून गोल फिरत नाहीत. दर मिनिटाला संगणक ठरवतो की वादळ कुठे आहे, आणि रडारं त्याच बाजूला बघतात. मोठ्या रडारला सगळ्या कोनांची एक पूर्ण फेरी करायला पाच-दहा मिनिटं लागतात, तेवढ्यात वादळाचं रूप पालटतं.

इकडे उचलता येईल? गणित येईल. आयआयटीएमकडे 'अर्क' हा ११.७७ पेटाफ्लॉपचा (हे गणनेच्या वेगाचं माप) महासंगणक सप्टेंबर २०२४ पासून आहे. पण ओक्लाहोमाचा भूभाग सपाट आहे, तिथे चार रडारांना जे दिसतं ते मावळात आठांना दिसणार नाही, प्रत्येक खोरं डोंगराच्या सावलीत. शिवाय तिथली वादळं बहुधा लांबून चालत येतात, तास-दोन तास आधी दिसतात. आपला वळीव बऱ्याचदा जागच्या जागी उगवतो: दुपारी तापलेली जमीन, संध्याकाळकडे घाट चढून आलेला समुद्राचा दमट वारा, आणि दोघांची गाठ कुठे पडेल यावर सगळं. ती गाठ रडारला दिसत नाही, कारण तेव्हा पाऊसच नसतो. तिच्यासाठी जमिनीवरची स्वयंचलित केंद्रं दाट हवीत. तुम्हाला प्रकल्प हवा असेल तर रडार बांधायच्या भानगडीत पडू नका, पश्चिमेच्या वाऱ्याची पुण्यात शिरायची वेळ पाच-सहा ठिकाणी मोजा.

प्रश्न: सोसायटीच्या गच्चीवर बादली उलटणारा पर्जन्यमापक बसवला आहे. शेजारच्या सोसायटीपेक्षा आमचा आकडा नेहमी कमी, आणि एकदा तर निरभ्र दिवशी १२ मिलिमीटर दाखवला. यंत्र बदलावं का?
– सचिव, बावधन

उत्तर: बदलू नका, आधी तपासा. या यंत्रात नरसाळ्याखालची छोटी बादली ठरावीक पाण्यानं भरली की उलटते आणि प्रत्येक उलटीची नोंद होते. तुमच्या यंत्राच्या तोंडाचं क्षेत्रफळ २०० चौरस सेंटिमीटर असेल आणि एक उलटी ०.२ मिलिमीटरची असेल, तर प्रत्येक उलटीला बरोबर ४ मिलिलिटर पाणी लागायला हवं. क्षेत्रफळ वेगळं असेल तर तोंडाचा व्यास मोजून हिशेब करा. वीस सेंटिमीटर व्यासाला ६.३ मिलिलिटर येतात.

औषधाच्या दुकानातून सलाइनचा साधा सेट आणा. एक लिटर पाणी मोजून बाटलीत घ्या आणि नळीची चकती अशी लावा की ते दोन तासांत संपेल, म्हणजे मिनिटाला आठ मिलिलिटरच्या आसपास. हा ताशी २५ मिलिमीटरचा पाऊस झाला. शेवटी २५० उलट्या, म्हणजे ५० मिलिमीटर यायला हवेत. पाच इकडेतिकडे चालतात. जास्त फरक असेल तर बादलीखालचे दोन स्क्रू फिरवा. स्क्रू वर घेतला की बादली लवकर उलटते आणि आकडा वाढतो. दोन्ही बाजू सारख्याच फिरवा, एकदम पाव फेऱ्यापेक्षा जास्त नको. मग तेच एक लिटर अर्ध्या तासात ओता. सलाइनची नळी एवढं सोडत नाही, बाटलीच्या बुडाला सुईनं भोक पाडा. आता २५० च्या खाली आकडा येईल, आणि तो दोष नव्हे. बादली उलटायला अर्धा सेकंद लागतो, तेवढ्यात पडलेलं पाणी हिशेबात येत नाही. हा फरक लिहून ठेवा आणि जोराच्या पावसाचे आकडे तेवढ्यानं वाढवून धरा.

निरभ्र दिवसाच्या १२ मिलिमीटरचं कारण बहुतेक तुंबलेलं गाळणं. कबुतराची विष्ठा, कडुनिंबाची पानं यांनी नरसाळं तुंबतं, पाणी साठतं आणि दुसऱ्या दिवशी कुणी धक्का दिला की भसकन उतरतं. दुसरी शक्यता बादलीखालच्या चुंबकी स्विचची. तो एका उलटीला दोनदा टिचकी देतो. ताशी ३०० मिलिमीटरच्या पावसातसुद्धा दोन उलट्यांत २.४ सेकंद जातात, तेव्हा नोंद घेणाऱ्या सर्किटच्या प्रोग्रॅममध्ये अर्ध्या सेकंदाच्या आत आलेली दुसरी टिचकी धरू नये अशी ओळ घाला. तासाची बेरीज साठवण्यापेक्षा प्रत्येक उलटीची वेळ साठवा. पावसाचा जोर पुढे कधीही काढता येतो, बेरजेतून तो परत मिळत नाही.

कमी आकड्याचं मूळ मात्र गच्चीत आहे. कठड्यावर आपटून वारा वर उसळतो आणि बारीक थेंब तोंडावरून उडवून नेतो. जमिनीवर जागा असेल तर तिथेच लावा, तोंड जमिनीपासून ३० सेंटिमीटर वर, आणि झाड-भिंत तिच्या उंचीच्या दुप्पट तरी लांब. गच्चीच हवी तर मधोमध, कठड्याच्या उंचीच्या दुप्पट अंतर राखून. टाकीच्या आडोशाला नको. तोंड पाणसळीनं सपाट करा, गवंड्याकडे असते ती चालेल.

शेजाऱ्यांशी तुलना करताना दिवसही एकच धरा. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते साडेआठ असतो. १७ तारखेच्या संध्याकाळचा पाऊस १८ तारखेच्या नावावर लागतो. तुम्ही मध्यरात्र धरत असाल आणि ते साडेआठ, तर भांडण यंत्राचं नाहीच.

प्रश्न: दरवेळी बातम्यांत 'ढगफुटी' का म्हणतात? ढग फुटतो का?
– कसबा पेठ

उत्तर: फुटत नाही. तासाला १०० मिलिमीटर किंवा जास्त, तोही वीस-तीस चौरस किलोमीटरच्या लहान भागावर, अशा पावसाला हे नाव आहे. तेही मुख्यतः डोंगराळ भागातल्या घटनांसाठी वापरतात. पुण्यात दिवसभरात १०० पडले तरी तो खात्याच्या भाषेत 'जोरदार' म्हणजे ६४.५ ते ११५.५ या गटात जातो. ओढ्यावर बांधकाम करून पाणी घरात शिरलं की त्याला ढगफुटी म्हणणं सोयीचं असतं, हा भाग वेगळा.

प्रश्न: वातावरणशास्त्राच्या एमएस्सीला आहे. लॅपटॉपवर डब्ल्यूआरएफ हे हवामान मॉडेल चालवून पुण्याच्या वादळाचा अंदाज काढायचा आहे. एक किलोमीटरची चौकट लावली की मॉडेल मध्येच कोसळतं.
– एक विद्यार्थिनी, औंध

उत्तर: चुकांची फाइल उघडून 'सीएफएल' हा शब्द शोधा, शंभरातल्या नव्वद वेळा तोच. एका पावलात हवा एका चौकटीपेक्षा जास्त पुढे गेली की गणित उधळतं, आणि घाटाच्या कड्याशी उभा वारा जोराचा असतो. नेहमीचा नियम असा की किलोमीटरमधल्या चौकटीच्या सहापट सेकंदांचं पाऊल घ्यायचं. घाटासाठी चौपट, वेळ पडली तर तिप्पट घ्या. उभ्या वेगाला आवर घालणारा पर्याय सुरू करा, भूरूप एकदा-दोनदा जास्त गुळगुळीत करा. बारीक चौकटींच्या आतल्या क्षेत्राची कडा नेमकी घाटमाथ्यावरून जात असेल तर ती हलवा. पश्चिमेची कडा समुद्रात न्या, पूर्वेची दौंडच्या पलीकडे.

एकात एक तीन क्षेत्रं घ्या, त्यांच्या चौकटी ९-३-१ किलोमीटर अशा ठेवा. ९ किलोमीटरला ढगाचं सरासरी सूत्र चालू, ३ आणि १ ला बंद. आतल्या क्षेत्राच्या प्रत्येक दिशेतल्या जाळीबिंदूंची संख्या वजा एक, याला तिनानं भाग जायला हवा, नाहीतर सुरूच होणार नाही. दुपारचं वादळ हवं असेल तर पहाटे साडेपाचच्या स्थितीवरून सुरू करा आणि पहिले सहा तास सोडून द्या, मॉडेलला तेवढं सावरायला लागतं. अमेरिकेच्या जागतिक मॉडेलचे पाव अंशाचे आकडे फुकट मिळतात, पण पहाटेचे आपल्याकडे यायला सकाळचे दहा वाजतात, तेव्हा खरा अंदाज म्हणून वापरायचं तर आदल्या रात्रीचे घ्या. आठ गाभ्यांच्या (कोअरच्या) लॅपटॉपवर ९-३ चालेल, १ किलोमीटरसाठी रात्र जाईल. आणि भूवापराचा नकाशा बघून घ्या, मॉडेलसोबत येतो तो जुना असतो. त्यात हिंजवडीत शेती सापडली तर दचकू नका, बदला.

निकाल तपासताना एक सापळा आहे. मॉडेलनं वादळ कात्रजला दाखवलं, पडलं ते खडकवासल्याला. ठिपक्याला ठिपका लावून गुण दिले तर दोनदा वजा होतात: कात्रजला खोटा गजर, खडकवासल्याला हुकलेलं वादळ. म्हणजे वादळच न दाखवणाऱ्या मॉडेलला तुमच्यापेक्षा जास्त गुण मिळतील! म्हणून पाच, दहा, वीस किलोमीटरच्या परिघात 'किती भागावर पाऊस' याची तुलना करा आणि कितव्या परिघाला अंदाज उपयोगी ठरतो ते प्रबंधात लिहा. परीक्षक विचारतातच.

प्रश्न: नारायणगावजवळ द्राक्षबाग आहे. गारा पडणार हे रडारला आधी कळतं का? किती आधी?
– एक बागायतदार, जुन्नर तालुका

उत्तर: कळतं, पंधरा-वीस मिनिटं आधी. गार तयार होते ती शून्य अंशाच्या वरच्या थरात, आपल्याकडे मार्चमध्ये साडेचार-पाच किलोमीटरवर. ४५ डीबीझेडचं (हे परतलेल्या प्रतिध्वनीच्या जोराचं माप) परावर्तन त्या थराच्याही दीड किलोमीटर वर पोचलं की गारेची शक्यता धरतात. इथे मुंबईच्या रडारचं अंतर आड येत नाही, कारण बघायचं आहे ते सहा किलोमीटरच्या वर, आणि अडीच अंशाची शलाका नारायणगाववर तेवढ्याच उंचीवरून जाते. दुहेरी लहरींचं रडार असेल तर आणखी खात्री पटते: मोठा थेंब पडताना पुरणपोळीसारखा चपटा होतो, म्हणून आडवी लहर जास्त परतते. गार गडगडत येते, तिच्यात दोन्ही सारख्याच.

रडारचं नवं चित्र साधारण दहा मिनिटांनी येतं. पहिल्या चित्रात डोकं वर काढलेलं वादळ दुसऱ्यात गारेचं होतं, तिसरं येईपर्यंत गार बागेत. तेव्हा अंदाज बघून जाळी घालायला धावण्यात अर्थ नाही. जाळी घालायची तर हंगामाआधीच. इशाऱ्याचा उपयोग माणसं आणि जनावरं आत घ्यायला, मोकळ्यावर रचलेला माल झाकायला.

त्याच वादळात वीजही असते. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा, तिनानं भागा, तेवढे किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत ऐकू आला तर मजुरांना पक्क्या घरात न्या. मंडपाच्या लोखंडी तारेला हात लावू देऊ नका, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाईपर्यंत बागेत परतू नका.